सिनेमा बायांनी बघावा का, हे ठरवणारे आम्ही चौघे

अन्याय झाला तो सतरा बायांवर. दिवाळीनंतरच्या तिसऱ्या बाजाराच्या दिवशी, दिवस मावळता मावळता, जवळा बाजारच्या तंबू टॉकीजच्या तिकीटखिडकीसमोर. सोळा जणी कापूस वेचणाऱ्या आणि सतरावी त्यांची म्होरकी, माझी सख्खी आत्या. अन्याय करणारे चौघे होते: सरपंच, गुरुजी, एक किराणा दुकानदार आणि चौथा मी.

होय, मी. आमच्या बौद्धवाड्यातल्या तरुण मंडळाच्या पत्रकांची रीतच आहे, पहिल्या दोन ओळींत अन्याय कुणावर आणि कधी ते सांगायचं, आणि तिसऱ्या ओळीत करणारा उभा करायचा. विहिरीच्या पाण्यावर, शिष्यवृत्तीवर, तलाठ्याच्या उद्धटपणावर अशी डझनभर पत्रकं मी विशीतच लिहिली होती. माझं अक्षर टपोरं, भाषा तिखट. हिंगोलीला कॉलेजात होतो, खोली करून राहायचो, शनिवारी-रविवारी आणि बाजाराला जवळ्याला यायचो. जिथं अन्याय दिसेल तिथं पाय आपटायचा, एवढं मला येत होतं. तो माझ्याच हातून होत असताना दिसावा, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता तंबूची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सुगीच्या सुमाराला जवळ्याला तंबू टॉकीज यायची. बाजारतळाच्या कडेला कनात ठोकायची, मधोमध बांबू आणि जुनी चादर बांधून दोन भाग करायचे, एकीकडे बाप्ये, एकीकडे बाया. आणि नवा सिनेमा लागला की पहिल्या दिवशी बायांची बाजू बंद ठेवायची. का? तर गावच्या चार शहाण्या माणसांनी तो आधी पाहायचा आणि ठरवायचं, सहकुटुंब बघण्याजोगा आहे की नाही. त्यांनी हो म्हटलं तर खिडकीशेजारच्या फळ्यावर खडूनं ‘सहकुटुंब’. नाही म्हटलं तर ‘फक्त पुरुषांसाठी’. ग्रामपंचायत तंबूला जागा द्यायची ती याच अटीवर.

त्या वर्षापर्यंत या चार शहाण्यांत आमच्या बौद्धवाड्यातला माणूस कधी बसला नव्हता. त्या वर्षी सरपंचांनी मला बोलावणं धाडलं. “लिहिणारं पोरगं पाहिजे. तुमच्यातलं असलं तर आणखीन चांगलं. उगं बोंब नको,” असं ते निरोप्याला म्हणाले होते, आणि निरोप्यानं ते जसंच्या तसं मला सांगितलं. मला राग यायला हवा होता. मी कपडे इस्त्री करून गेलो.

तंबूत सगळे वाळूवर बसायचे. शहाण्यांसाठी मात्र शाळेतून चार लाकडी खुर्च्या आणल्या होत्या. चौथ्या खुर्चीवर मी बसलो तेव्हा मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला सांगू?

सिनेमा होता विनोदी. आचरट म्हणा, वात्रट म्हणा, एका भोळसट घरजावयाची गोष्ट. त्याचं धोतर शेळी ओढून नेते आणि तो गावभर तिच्यामागं पळतो. सासऱ्याला चुकवायला कणगीत लपतो तर आत सासरा आधीच कुणालातरी चुकवून बसलेला. नदीवर बाया धुणं धुताना हा पाण्यात बुडी मारून बसतो आणि त्याच्या डोक्यावर कुणीतरी लुगडं आपटते. बोलणं असं की गुरुजी दर दोन मिनिटांनी खोकायचे. पण खोकता खोकता त्यांचे खांदे हलत होते! सरपंच तर मांडी थोपटून असे हसले की त्यांचा फेटा सुटून मांडीवर आला. दुकानदाराला ठसका लागला. आणि मी? डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. पोट धरून, पाय आपटून.

खेळ सुटला, बत्त्या लागल्या आणि चौघांचे चेहरे एका क्षणात श्राद्धाला बसल्यासारखे झाले.

“चावट हाय,” सरपंच फेटा बांधत म्हणाले.

“लेकीसुनांच्या म्होरं बसून बघायचं न्हाई,” दुकानदार म्हणाला.

“धोतराचा प्रसंग, नदीचा प्रसंग आणि कणगीतली भाषा,” गुरुजींनी बोटांवर मोजलं. “तीन ठिकाणं आक्षेपार्ह. लिहा.”

मी लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, रंगवलं. फळ्यावर ‘फक्त पुरुषांसाठी’ टपोऱ्या अक्षरात, आणि खाली माझ्या मनची ओळ: ‘आयाबहिणींच्या डोळ्यांना हा विटाळ नको.’ विटाळ! मी, ज्यानं या एका शब्दावर तीन पत्रकं छापली होती, त्यानं तो शब्द खडूनं फळ्यावर काढला आणि दोन पावलं मागं सरून अक्षर कसं दिसतं ते पाहिलं.

सरपंच म्हणाले, “पोराचा हात चांगला हाय.” मी खूश.

इकडे माझ्या आत्यानं काय ठरवलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. आत्या गावातल्या वेचणीच्या टोळीची म्होरकी. आमच्या वाड्यातल्या दहा आणि मराठ्यांच्या घरच्या सहा अशा सोळा जणी तिच्या शब्दावर निघायच्या. त्या साली कापूस एकदम फुटला आणि जो तो शेतकरी बायांना ओढून राहिला होता. शेजारच्या गावची दुसरी म्होरकी आत्याच्या टोळीतल्या बाया फोडायला टपली होती. तेव्हा आत्यानं आपल्या शेतकऱ्याशी बोली केली, बाजाराच्या आत सगळी वेचणी उरकून देते, दोन गाड्या जुंपायच्या आणि सगळ्यांना तंबूतला सिनेमा दाखवायचा. तो हो म्हणाला. मग तिनं सोळा जणींना सांगितलं, “उजाडायच्या आत शेतात या. सिनेमा मी दाखविते. पुढून, तिकीट काढून, वाळूवर पोतं टाकून. माझा शबुद.”

बारा दिवस त्या बायांनी बोटं सोलून घेतली. त्यांतल्या नऊ जणींनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. म्हणजे इथं पणाला लागला होता तो आत्याचा शब्द. तो गेला तर टोळी गेली, आणि टोळी गेली तर आत्या पुन्हा दुसऱ्या म्होरकीच्या हाताखाली वेचणीची ओळ धरणार.

बाजाराच्या संध्याकाळी दोन गाड्या तंबूपुढं थांबल्या. घुंगरं वाजवत. बाया उतरल्या त्या धुतलेली लुगडी नेसून, डोक्यात शेवंती घालून. दोघींच्या कडेवर लेकरं. मी फळ्याजवळच उभा होतो, ऐटीत. आत्याला पाहिलं आणि फळा पाठीनं झाकायला गेलो.

“अरं, तू हितं? बरं झालं,” आत्या म्हणाली. “सतरा तिकिटं घे. खिडकीवाला म्हनून राहिला, बायांना न्हाई. काहून न्हाई?”

मी फळ्याकडं बोट केलं.

“मला वाचता येतंय व्हय? तू वाच.”

“फक्त पुरुषांसाठी,” मी म्हणालो.

“अन् खाली काय हाय ते?”

“काही नाही.”

“काही न्हाई कसं? एवढी लांब ओळ हाय. वाच की.”

सतरा बाया माझ्या तोंडाकडं पाहत होत्या. मी वाचली. माझीच ओळ, माझ्याच आत्यापुढं. ‘विटाळ’वर येताना माझा आवाज इतका खाली गेला की मागची एक जण म्हणाली, “जोरात बोल ना भाऊ, पत्रक वाचताना तर भोंग्यावानी वरडतूस.”

आत्यानं फळ्याला हात लावला. बोटाला खडू लागला, तो तिनं पदराला पुसला.

“अक्षर तुझं हाय,” ती म्हणाली. वाचता येत नव्हतं, पण अक्षर ओळखत होती! माझ्या पाट्या तिनंच धुतल्या होत्या लहानपणी. “तू पाह्यला हा सिनेमा?”

“पाहिला.”

“हसलास का?”

“...हसलो.”

“मग तुझे डोळे बाटले का?”

मागं खसखस पिकली. मी म्हणालो, “आत्या, तुला कळत नाही. काही प्रसंग बरे नाहीत. बायकांनी बघण्यासारखे नाहीत.”

“आमाला कळत न्हाई, म्हनून तू बघून आलास. बरं. आमच्या वाटचं जेवून बी आलास का?”

तेवढ्यात एक जण म्हणाली, “आत्याबाई, सिनेमा दाखविते म्हनली अन् फळा दाखविला.” ती हसत म्हणाली, पण आत्याचा चेहरा मी पाहिला. मोर्चात पोलिसांपुढं उभी राहिलेली माझी आत्या, तिचा चेहरा असा कधी झाला नव्हता.

तंबूवाला गल्ल्यावर बसून सगळं पाहत होता. पोट सुटलेला, तोंडात पान. सतरा तिकिटं जाताना पाहून त्याच्या जिवाची काय तडफड झाली असेल! तो पिंक टाकून कुणाकडेही न बघता म्हणाला, “मेरा तंबू परदे तक. परदे के पीछे जिसका खेत, उसका राज.”

आत्यानं एक पळ त्याच्याकडं पाहिलं. मग गाड्या वळवायला लावल्या.

पडदा दोन खांबांना बांधलेला असायचा आणि त्याच्या पाठीमागं कनात नव्हती. मागं ज्वारीचं काढलेलं रान होतं, आणि ते होतं ज्याचा कापूस या बायांनी वेचला त्याच शेतकऱ्याचं! पडदा पातळ, चित्र दोन्हीकडून दिसायचं, मागून फक्त उलटं. डावा हात उजवीकडे आणि नावं उलट्या अक्षरांत. ज्यांना वाचताच येत नाही त्यांना त्याचं काय? सतरा बाया ढेकळं सारून, पोती टाकून बसल्या. खेळ सुरू झाला.

आणि पाच मिनिटांत पडद्यापलीकडून असं हसू फुटलं की पुढचे बाप्ये गप्प झाले. खरंच गप्प झाले! शेळीनं धोतर ओढलं तेव्हा पुढं नुसता खोकला आणि मागं सतरा गळे. सरपंच पुन्हा खुर्चीवर होते, दुसऱ्यांदा बघायला आलेले, ‘तपासायला’ म्हणत. ते माझ्या कानाशी वाकले. “तुझी आत्या हाय ना? जा, उठीव त्यांना. बरं दिसत न्हाई.”

मी कनातीला वळसा घालून रानात गेलो, उठवायलाच. पण आत्यानं मला पाहिलं, पोत्याचा कोपरा मोकळा केला आणि म्हणाली, “बस. दिसंना व्हय, सरक.” मी बसलो.

मी असा सिनेमा कधी पाहिला नव्हता! तोच सिनेमा, पण दुसराच. कणगीतून सासरा निघाला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, “माझा दादला असाच कणगीत बसला व्हता, वसुलीचा शिपाई आला तवा. तीन दिस जुंधळ्याचा वास येत व्हता त्याला.” नदीवर जावयाच्या डोक्यावर लुगडं आपटलं तेव्हा पोरसवदा सुनेनं टाळी वाजवली, “हान! आनखीन हान!” गुरुजींची तिन्ही आक्षेपार्ह ठिकाणं आली आणि गेली. कुणी मान खाली घातली नाही. कुणाचे डोळे बाटले नाहीत. लेकरं झोपून गेली होती.

मग मध्यंतराच्या थोडं आधी एक प्रसंग आला. जावई चिडतो, पितळी थाळी उचलतो आणि बायकोच्या डोक्यात घालतो. थाळी घंटेसारखी वाजते. बायको डोळे फिरवत गोल गोल फिरते, पडते, उठते आणि हसत पुन्हा वाढायला बसते. तो पुन्हा थाळी घालतो. तीन वेळा. पडद्याच्या पुढून हास्याचा असा लोंढा आला की पडदा हलल्यासारखा वाटला.

माझ्या बाजूला एकही हसली नाही.

मघाशी टाळी वाजवणारी सून गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली होती. म्हातारीनं तोंड फिरवलं. मला आठवलं, दोन दिवसांपूर्वी खुर्चीवर बसून मी याच प्रसंगाला सगळ्यांत जोरात हसलो होतो. पाय आपटले ते इथंच. आणि आमच्या चौघांच्या यादीत हा प्रसंग नव्हता. कुणाच्या मनातही आला नव्हता.

मध्यंतराला बत्त्या लागल्या. आत्या माझ्याकडं वळली.

“ह्ये तुमी पाह्यलं व्हतं का?”

“पाहिलं होतं.”

“अन् ह्ये तुमाला घान वाटलं न्हाई?”

मी मोर्चात घोषणा देतो. मी तहसीलदाराला भर कचेरीत खोटारडा म्हणालो आहे. इथं मी पोत्याचा सुटलेला दोरा ओढत बसलो.

“धोतर सुटलं तर त्यात काय?” म्हातारी म्हणाली. “आमी काय बाप्ये पाह्यले न्हाईत? पर ह्ये थाळीचं लेकरांना दावू नगा. घरी जाऊन थाळी वाजवून बघतील.”

“लेकरांचं सोडा,” सून हळूच म्हणाली. “बाप्यांना दावू नगा.”

त्यावर मात्र सगळ्या इतक्या हसल्या की पुढून कुणीतरी ओरडलं, “मध्यंतर चालू हाय, हसता काय!”

मला त्या क्षणी उठून धावावंसं वाटत होतं. छापखान्यात, कुठंही! सिनेमा कुटुंबानं पाहावा की नाही हे कसं ठरवायचं ते मला ढेकळात बसून कळलं होतं. मी आत्याला म्हणालो, “मी उद्याच्या उद्या पत्रक काढतो.”

“काढ,” ती म्हणाली. “पर आधी आमाला इचार, काय लिव्हायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात गेलो. दुसऱ्या शेतकऱ्याच्या मळ्यातली वेचणी होती. सोळापैकी अकराच आल्या होत्या. पाच जणी दुसऱ्या म्होरकीकडं गेल्या. “पुढून दाखविते म्हनली व्हती, पाठीमागून दाखविला,” असा निरोप ठेवून. आत्यानं तो निरोप मला सांगितला आणि ओटीतला कापूस पोत्यात ओतला. माझ्या एका ओळीनं तिच्या पाच बाया गेल्या होत्या.

मग बांधावर बसून त्या बारा जणींनी मला पत्रक सांगितलं. मी दोनदा माझी भाषा घुसवायला पाहिली. ‘पुरुषप्रधान’ म्हणालो तर आत्या म्हणाली, “ते काय असतं? थाळी म्हन.” मी थाळी लिहिलं.

संध्याकाळी सरपंचांच्या ओट्यावर जाऊन सांगितलं की आपला निकाल चुकला. सरपंच म्हणाले, “तुला बसाया जागा दिली, तर तू आमालाच शिकवून राहिला का?” दुकानदार म्हणाला, “बाया ठरविणार मंग आपन कशाला?” मी म्हणालो, “तेच विचारायला आलोय.” गुरुजी चष्मा पुसत बसले. मी निघताना ते फाटकापर्यंत आले आणि पुटपुटले, “थाळीचं माझ्या लक्षात यायला हवं होतं.” एवढंच. उघडपणे बोलायची त्यांची छाती झाली नाही, हे मी त्यांच्या तोंडावर म्हणालो आणि इथंही म्हणतो.

हिंगोलीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यानं मजकूर वाचला आणि विचारलं, “हे कुण्या संघटनेचं?” मी म्हणालो, “वेचणीच्या टोळीचं.” पत्रक असं होतं:

‘आमी सतरा बायांनी हा सिनेमा पडद्यामागून पाह्यला. शेळी चांगली हाय. कणगी चांगली हाय. लेकरं-बाळं घेऊन या. थाळीचा खेळ वाईट हाय. तिथं जो बाप्या हसंल त्याच्या घरच्या बाईनं ध्यानात ठेवावं.’

सिनेमाला गर्दी होती, म्हणून तंबूवाल्यानं तो आणखी एक बाजार ठेवला. पत्रक मी त्याच्या हातात दिलं. त्यानं ते माझ्याकडून वाचून घेतलं, पान थांबवून हसला, आणि पंचायतीला न विचारता भोंग्यावरून सबंध बाजाराला ऐकवलं. चार वेळा! फळा त्यानंच पुसला. बायांची बाजू उघडली. सरपंचांनी जागा काढून घ्यायची धमकी दिली, पण तोवर खिडकीपुढं त्यांच्याच घरातल्या दोघी उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी आत्याच्या टोळीनं सिनेमा पुढून पाहिला. तिकीट काढून, वाळूवर पोतं टाकून. फुटलेल्या पाचांपैकी तिघी येऊन तिच्या शेजारी बसल्या. दोघी आल्या नाहीत, त्या पुढंही कधी आल्या नाहीत. मी या वेळी वाळूत होतो, बाप्यांच्या गर्दीत.

थाळीचा प्रसंग आला. जावयानं थाळी उचलली. पहिल्या घावाला सवयीनं हसू फुटलं आणि अर्ध्यात अडखळलं. दुसऱ्या घावाला तंबूत फक्त थाळीचा आवाज होता. तेवढ्यात चादरीपलीकडून कुणीतरी खणखणीत म्हणालं, “हसा की! हसा! घरी येनारच हाय ना तुमी?” आणि सगळा तंबू, बायाबाप्ये सगळे, जे काही हसले! ते हसू थाळीचं नव्हतं.

याला काही वर्षं झाली. अजूनही गावोगाव चार शहाणे बसतात. आधी स्वतः पोटभर बघतात आणि मग आयाबहिणींची काळजी करतात. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्हाला वाचता येतं, म्हणजे उद्या कुणीतरी तुम्हालाही बोलावणार. म्हणून माझी सरळ मागणी आहे, विनंती नव्हे. तुमच्या गावात अशी समिती असेल तर येत्या बाजाराच्या आत तिच्यात निम्म्या बाया घ्या, आणि त्या रोजंदारीवर जाणाऱ्या असू द्या. कोणी अडवलं तर त्याचं नाव घेऊन पत्रक काढा. आणि त्याआधी, आजच, हे हातातून खाली ठेवण्यापूर्वी, आपल्या घरातल्या बाईला विचारा: तू शेवटचा सिनेमा कधी पाहिलास, आणि त्यातलं काय तुला घाण वाटलं? ती सांगेपर्यंत थांबा. मध्ये बोलू नका.